आपल्या शिवारासाठी जैवविविधता कार्यशाळा : बेळगाव सीमाभागात पहिल्यांदाच भरवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील अनेक युवक मंडळांना, महिला मंडळांना आणि मराठी शाळांना आपल्या गावच्या पशुपक्ष्यांसाठी व झाडाझुडपांसाठी काहीतरी करावेसे वाटते. परंतु सुरुवात कोठून करावी हे न कळल्यामुळे ही इच्छा बहुधा पाच जूनच्या एका वृक्षारोपणाच्या कार्यक्रमावर थांबते. पाहुणे येतात, खड्ड्यात रोप ठेवले जाते, भाषणे होतात आणि दिवाळीपर्यंत त्या रोपाची जागा शोधूनही सापडत नाही. ज्यांनी अशी कार्यशाळा कधीच भरवलेली नाही, परंतु जे मनापासून भरवू इच्छितात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातील मुख्य आग्रह एकच आहे : कार्यशाळा एखाद्या मोठ्या विषयावर न भरवता आपल्या गावातील एका ठरावीक जागेसाठी भरवावी, आणि त्या जागेवर आज काय जगते आहे हे पाहिल्यानंतरच तेथे काय करायचे ते ठरवावे.

जागा निवडणे

पहिली पायरी जागा निवडण्याची आहे, आणि येथे घाई करू नये. आपल्या भागात तीस-चाळीस किलोमीटरच्या अंतरात निसर्ग पार बदलतो. कणकुंबी व जांबोटीकडे सह्याद्रीचा माथा आहे. तेथे मलप्रभेचा उगम आहे, भीमगडच्या रानात म्हादईचे पाणी जन्मते आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही. बेळगाव शहराभोवतीच्या येळ्ळूर, उचगाव, कडोली या गावांत भातशेती, रताळी, भाजीपाला आणि मार्कंडेय नदीच्या काठची झाडी आहे. निपाणी-चिकोडीकडे वेदगंगा व दूधगंगेच्या काठचा ऊस आणि त्यापलीकडे अथणीपर्यंत कमी पावसाचे काळ्या मातीचे रान आहे. जांबोटीच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जे उपयोगी पडेल ते निपाणीच्या उसाच्या बांधावर उपयोगी पडणार नाही. त्यामुळे शेजारच्या तालुक्यातील कार्यक्रम जसाच्या तसा उचलून आणण्याऐवजी आपल्या गावातील पुढीलपैकी एक जागा निवडावी : शाळेचे आवार, गावतळे, ओढ्याचा दोनशे पावलांचा काठ, देवराई, गायरानाचा एक कोपरा किंवा एखाद्या तयार शेतकऱ्याचा बांध. जागा चालत दहा मिनिटांत पोहोचता येईल इतकी जवळ असावी, कारण कार्यशाळेनंतर तेथे वर्षभर जायचे आहे.

नवख्यांनी अभयारण्यातील जागा निवडू नये. भीमगड २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे, आणि तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. त्याच रानातील बारापेडेच्या गुहांमध्ये राहणारे रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला ज्ञात झाले आणि त्यानंतर कित्येक दशके ते जगात केवळ या एकाच ठिकाणी राहते असे मानले जात होते. पुढे ते मेघालयात व कंबोडियातही आढळले. हा आपल्या भागाचा फार मोठा ठेवा आहे आणि प्रत्येक मुलाला तो सांगितलाच पाहिजे. मात्र तो कार्यशाळेत तोंडी सांगावा. मुलांना घेऊन गुहेकडे जाण्याचा बेत कोणी मांडला तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. वटवाघळांच्या वसाहतीत विजेऱ्या आणि आवाज घेऊन शिरलेला जमाव, विशेषतः पिले असण्याच्या काळात, सगळी वसाहत विस्कटून टाकू शकतो.

परवानगी आणि निमंत्रणे

दुसरी पायरी कागदपत्रांची आहे. गायरान, तळे किंवा ओढा निवडला असेल तर ग्रामपंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी पत्र द्यावे व त्याची पोच घ्यावी. शाळेचे आवार असेल तर मुख्याध्यापक आणि एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) यांची संमती घ्यावी. देवराई असेल तर देवस्थानचे पंच आणि पुजारी यांच्याशी आधी बोलावे. देवराईत कोणत्या भागात चप्पल घालून जात नाहीत, कोणते झाड तोडत नाहीत, कोणत्या दिवशी आत जात नाहीत, हे नियम त्यांच्याकडूनच समजतात, आणि त्या नियमांमुळेच ती झाडी आजवर टिकलेली असते. राखीव जंगलाच्या हद्दीला लागून जागा असेल तर वनखात्याच्या रेंज ऑफिसरांना पत्र द्यावे आणि शक्य झाल्यास वनरक्षकांना कार्यशाळेला बोलवावे.

पंचायतीत गेलाच आहात तर आणखी एक चौकशी करावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार होणे अपेक्षित आहे. आपल्या पंचायतीत अशी समिती आहे का, तिचे सदस्य कोण आहेत आणि नोंदवही पाहायला मिळेल का, हे नम्रपणे विचारावे. पुष्कळदा वही कपाटात असते आणि ती गावातील कोणीही वाचलेली नसते. कार्यशाळेत आपण ज्या नोंदी करणार आहोत त्यांचे हक्काचे घर ही वही आहे.

निमंत्रणांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. पहिल्या कार्यशाळेला वीस ते पंचवीसच माणसे असावीत आणि त्यांत गावातील जाणती माणसे आधी असावीत. रानात गुरे चारणारा गवळी-धनगर समाजातील वृद्ध, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू आणि अळू खुडून आणणाऱ्या बायका, विहिरी काढणारे, मासे व खेकडे धरणारे, झाडपाल्याचे औषध देणारे वैदू, या लोकांना शिवाराची जितकी माहिती असते तितकी बाहेरून आलेल्या व्याख्यात्याला नसते. त्यांना श्रोते म्हणून बसवू नये. चालण्याच्या वेळी पुढे चालण्याची विनंती करावी. वनस्पती किंवा पक्ष्यांचा अभ्यास असणारे एक शिक्षक अथवा महाविद्यालयातील प्राध्यापक सोबत असावेत, परंतु त्यांचे काम जाणत्यांनी सांगितलेल्या गोष्टीला शास्त्रीय नाव आणि कारण जोडून देण्याचे असावे. गावातील कन्नड भाषिक शेजाऱ्यांना तर अगत्याने बोलवावे. पाट्या, चिठ्ठ्या आणि झाडांची नावे मराठी व कन्नड दोन्ही लिप्यांत लिहावीत. झाडाची राखण सगळ्या गल्लीने करायची असते.

दिवस ठरवणे

भाताची पेरणी किंवा रोपलावण, सुगी, ऊसतोड, गावची यात्रा, गणेशोत्सव आणि आठवडी बाजार हे दिवस टाळावेत. एवढे सोडले तर वर्षातील प्रत्येक ऋतूला आपला विषय आहे. मृगाचा पाऊस लागल्यावर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात रोपे लावण्याची व बेडूक ओळखण्याची कार्यशाळा घ्यावी. सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने फुलपाखरांचे आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तळ्यांवर व हिडकल जलाशयासारख्या पाण्यांवर स्थलांतरित पक्षी असतात, आणि फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर होणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षिगणनेत गावातील शाळेलाही भाग घेता येतो. काटेसावर, पळस व पांगारा फुलतात तेव्हा एका झाडाखाली तासभर बसले तरी मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर आणि खारी असा मोठा गोतावळा दिसतो. वणव्यांचा काळही तोच असल्यामुळे त्या विषयासाठी जानेवारी संपण्यापूर्वीचा एखादा रविवार ठेवावा. वळवाचे पाऊस पडू लागले की पश्चिमेकडील रानात काजवे चमकू लागतात. तेव्हा संध्याकाळची छोटी बैठक घ्यावी, मात्र विजेऱ्या बंद ठेवाव्यात.

साहित्य

फार खर्च लागत नाही. चार मीटर सुतळीचे चार-पाच तुकडे, वह्या, पेन्सिली (पावसात शाईचे लिखाण ओघळते), दोन-तीन भिंगे, मिळाल्यास एखादी दुर्बीण, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये चांगला कॅमेरा आहे असे दोन जण पुरेसे आहेत. रोपांचे काम असेल तर कुदळ, खुरपे आणि माती वाहायला बुट्ट्या गावातच मिळतात. प्लॅस्टिकचे फलक छापू नयेत. फळ्यावर खडूने लिहिले तरी चालते. नाश्त्याला उप्पीट व चहा गावातील महिला मंडळाकडून घ्यावा आणि त्याचे पैसे वेळेवर द्यावेत.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी सात वाजता चालण्याने सुरुवात करावी. उद्घाटन, सत्कार आणि प्रास्ताविक यांत पहिला तास घालवला तर तेवढ्यात पक्षी झाडीत निघून जातात आणि मुलांचा उत्साहही ओसरतो. निघण्यापूर्वी चार नियम सांगावेत : कोणत्याही प्राण्याला हात लावायचा नाही, घरट्याजवळ थांबायचे नाही, दगड उचलून पाहिला तर तो होता तसा ठेवायचा, आणि मोबाइलवर पक्ष्यांचा आवाज वाजवून त्यांना जवळ बोलवायचे नाही. शेवटचा नियम नवख्यांना अनावश्यक वाटतो. परंतु वाजवलेला आवाज ऐकून नर पक्षी आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजतो आणि पिलांना भरवणे सोडून त्याच्या शोधात वेळ दवडतो.

पाच-सहा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटात एक जाणता, एक लिहिणारा व दोन मुले असावीत. जागेवर पोहोचल्यावर प्रथम दहा मिनिटे सर्वांनी न बोलता बसावे आणि जे ऐकू येईल ते लिहावे. त्यानंतर सुतळीचा चौरस करावा. चार मीटर सुतळीची टोके बांधून प्रत्येक बाजू एक मीटर होईल असा चौकोन जमिनीवर पसरायचा आणि अर्धा तास केवळ त्याच्या आतच पाहायचे. हा सगळ्या दिवसातील सर्वांत मोलाचा अर्धा तास असतो असे माझे मत आहे. भाताच्या बांधावर असा चौरस टाकला तर वरवर नुसते गवत दिसते. भिंग घेऊन गुडघ्यावर बसल्यावर त्यातच दोन-तीन जातींचे गवत, लाजाळूची एखादी फांदी, दवाने भरलेले कोळ्याचे सपाट जाळे, त्याच्या एका कडेला नळीत दबा धरून बसलेला कोळी, गांडुळाच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांचा ढीग, खेकड्याचे बीळ, नाकतोड्याचे पिल्लू आणि मुंग्यांची वाट असा सगळा संसार दिसू लागतो. मुलांना ज्याचे नाव माहीत नाही त्याचे चित्र काढू द्यावे. याच बांधावर तणनाशक मारल्यावर यांतील काय उरेल, हा प्रश्न येथे विचारावा आणि त्याचे उत्तर तेथल्या शेतकऱ्यालाच देऊ द्यावे.

साडेनऊला नाश्ता करून सावलीत बसावे आणि प्रत्येक गटाने आपली यादी मोठ्याने वाचावी. गावात जे नाव रूढ असेल तेच आधी लिहावे. एकाच पक्ष्याला दोन घरांत दोन नावे निघाली तर दोन्ही लिहावीत, आणि शास्त्रीय नाव नंतर जोडावे. प्रश्नार्थक नोंदी तशाच ठेवाव्यात. खात्री नसताना नाव ठोकून देणे हा नोंदवहीतील सर्वांत वाईट दोष आहे.

दुपारच्या जेवणापूर्वीचे दीड-दोन तास हातांनी करायच्या कामासाठी ठेवावेत. काम एकच निवडावे. पुढे काही कामे दिली आहेत, त्यांतील आपल्या जागेला शोभेल ते घ्यावे.

फुलपाखरांचा कोपरा

शाळेसाठी यापेक्षा चांगले काम मला माहीत नाही, कारण त्याचा परिणाम मुलांना एका ऋतूत डोळ्यांनी दिसतो. बहुतेक जण फुलझाडे लावतात आणि फुलपाखरे येण्याची वाट पाहतात. मकरंद पिण्यासाठी ती येतातही, परंतु मुक्काम करत नाहीत. मादीला अंडी घालण्यासाठी आपल्या जातीची ठरावीक वनस्पती लागते. रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो, बहाव्यावर व टाकळ्यावर कॉमन एमिग्रंट, एरंडावर कॉमन कॅस्टर, कण्हेरीवर कॉमन क्रो आणि लिंबू व कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन व लाइम ही फुलपाखरे वाढतात. कर्नाटकाचे राज्य फुलपाखरू असलेले भव्य सदर्न बर्डविंग ईश्वरीच्या कुळातील वेलींवर अंडी घालते. खानापूरच्या पश्चिम भागात ओढ्याकाठी या वेली असतील तर त्या तोडल्या जाऊ नयेत एवढे पाहिले तरी मोठे काम होते.

कढीपत्त्याचे झाड बेळगावातील जवळजवळ प्रत्येक परसात असते, म्हणून प्रात्यक्षिक तेथेच करावे. कोवळ्या पानावर पिवळसर मण्यासारखे एकेकटे अंडे शोधावे. त्यातून बाहेर पडणारी अळी पहिले काही दिवस तपकिरी-पांढऱ्या ठिपक्यांची असते आणि पक्ष्याची विष्ठा पानावर पडली आहे असेच वाटते. त्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाल्यावर ती कात टाकून पानासारखी हिरवी होते. गवताच्या काडीने तिला अगदी हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग झटकन बाहेर येते आणि उग्र वास पसरतो. एवढे एकदा पाहिलेले मूल त्यानंतर कढीपत्त्यावरची अळी चिरडत नाही, आणि घरी जाऊन आईलाही तसे करू देत नाही. झाड लहान असेल तर अळ्या निम्मा पाला खातील ही तक्रार येते. त्यासाठी स्वयंपाकाचे एक आणि फुलपाखरांचे एक अशी दोन झाडे लावावीत. या कोपऱ्यात कोणतेही कीटकनाशक मारू नये आणि एका बाजूला उथळ चिखल ओला ठेवावा, कारण नर फुलपाखरे क्षार शोषण्यासाठी ओल्या मातीवर उतरतात.

झाडे लावणे आणि न लावणे

झाडे लावायची असतील तर आपल्या रानातील झाडांची यादी आधी करावी. पश्चिमेकडे ऐन, किंजळ, नाणा, हिरडा, बेहडा, जांभूळ, कोकम, सुरंगी आणि बकुळ. ओढ्याकाठी करंज, अर्जुन व उंबर. पूर्वेच्या कोरड्या भागात कडुनिंब, पळस, बाभूळ, बोर आणि चिंच, अशी ढोबळ निवड करता येईल. ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी व सुबाभूळ यांची रोपे फुकट मिळाली तरी घेऊ नयेत. गावात एकही वड, उंबर किंवा नांदरूक नसेल तर पहिले झाड त्यांपैकीच असावे. उंबराचे पिकलेले फळ उघडून मुलांना दाखवावे : आत शेकडो बारीक फुले असतात आणि त्यांचे परागीभवन उंबरातच वाढणारी चिमुकली गांधीलमाशी करते. मादी फळाच्या टोकावरील सूक्ष्म छिद्रातून आत शिरते, परागकण पोहोचवते, अंडी घालते आणि तेथेच मरते. ही फळे वर्षातून अनेकदा येत असल्यामुळे बाकीच्या रानात खायला काही नसते तेव्हाही तांबट, हरियाल, धनेश, वटवाघळे आणि शेकरू यांची सोय होते.

बिया गोळा करणे हे मुलांचे आवडते काम आहे. जांभळाच्या बीची उगवणशक्ती फार लवकर कमी होते, म्हणून फळ खाऊन धुतलेली बी लगेच पिशवीत लावावी. बहाव्याचे बी कठीण असते. ते खरखरीत दगडावर थोडे घासून रात्रभर पाण्यात ठेवावे. वड, नांदरूक व पांगारा पावसाळ्याच्या तोंडावर जाड फांद्यांपासूनही लागतात. एकाच झाडाखालच्या सगळ्या बिया न उचलता निरनिराळ्या झाडांखालून थोड्या थोड्या घ्याव्यात. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा, शेणखत, भोवती काट्यांचे कुंपण आणि पहिले दोन उन्हाळे पाणी देण्याची लेखी जबाबदारी एवढे ठरल्याशिवाय एकही रोप लावू नये. पंचवीस रोपे जगवणे हे पाचशे लावण्यापेक्षा कितीतरी चांगले.

आता एक अशी गोष्ट, जिच्यावर कार्यशाळेत हमखास वाद होतो. माळ आणि सडा या ओसाड जागा नाहीत आणि तेथे झाडे लावू नयेत. चोर्ला-जांबोटी भागातील जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात जी फुले येतात, त्यांतील कित्येक वनस्पती अशा उघड्या, पातळ मातीच्या खडकावरच जगतात. पूर्वेकडील माळांवर चंडोल, टिटवी आणि तित्तिर जमिनीवरच घरटी करतात. तेथे ओळीने खड्डे काढले तर घरटी आणि चारा दोन्ही जातात. माळ निवडला असेल तर काम वेगळे असावे : तेथील कचरा उचलणे, मुरूम काढणे थांबवण्याची पंचायतीकडे मागणी करणे आणि आग रोखणे.

वणवा ही या भागातील मोठी दुखरी बाब आहे. गवत चांगले यावे म्हणून किंवा काजूबाग साफ करताना लावलेली आग वारा सुटला की डोंगर चढते. जाळल्याने गवत चांगले येते हा समज जुना आहे आणि तो सांगणाऱ्या वृद्धाचा पाणउतारा करून काहीही साधत नाही. त्यांच्याबरोबर जळालेल्या व न जळालेल्या जागेवर जावे, दोन्हीकडची माती हातात घेऊन पाहावी, पहिल्या पावसात कोठली माती वाहून जाते हे दाखवावे. जानेवारीअखेर वनखात्याला कळवून, त्यांच्या सल्ल्याने देवराईभोवती दहा-बारा फूट रुंदीचा पट्टा खरवडून पालापाचोळा बाजूला करण्याचे श्रमदान घ्यावे. आग दिसली की वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, हे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

याखेरीज बांधाची एक बाजू न जाळता व न फवारता राखणे, जुनी पोकळ झाडे वाचवणे, परसात पाणी ठेवणे ही कामेही घेता येतील. पोकळ झाडांबद्दल एवढेच सांगतो की धनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर एका फटीतून तिला व पिलांना अन्न देतो. अशी ढोली तयार होण्यास झाडाचे वय मोठे व्हावे लागते आणि ती आपल्याला लावता येत नाही. पाण्याचे भांडे उथळ असावे, त्यात एखादा दगड असावा, पाणी रोज बदलावे आणि मांजराची उडी पोहोचणार नाही अशा जागी ते ठेवावे. वानरांना खाऊ घालणे मात्र कटाक्षाने टाळावे.

सापांविषयीचे सत्र

गावात कार्यशाळा घ्यायची आणि सापाविषयी बोलायचे नाही, असे करता येणार नाही. जिवंत साप आणून खेळ करून दाखवू नये; वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तसे करणे गुन्हा ठरू शकते आणि त्यामुळे मुलांना साप धरण्याचे धाडस येते. चित्रांवरून नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखायला शिकवावेत, आणि धामण, दिवड, गवत्या हे बिनविषारी आहेत हेही सांगावे. धामण व गव्हाणी घुबड उंदीर किती खातात हे शेतकऱ्याला पटवावे लागत नाही, ते त्याला माहीत असते. त्याला खात्री हवी असते ती दंश झाल्यावर जीव वाचण्याची. म्हणून स्पष्ट सांगावे : जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये, रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलवू देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता प्रतिसर्पविष मिळणाऱ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. मण्यार रात्री चावतो आणि दंशाची वेदना व सूज फारशी जाणवत नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांनी खाट आणि मच्छरदाणी वापरावी ही साधी सूचना प्राण वाचवते.

नुकसान झालेल्यांचे ऐकणे

खानापूर तालुक्यातील रानालगतच्या गावांत कार्यशाळा असेल तर गवा, रानडुक्कर, अस्वल आणि कधी हत्ती यांच्यामुळे झालेल्या नुकसानीचा विषय निघणारच. त्यासाठी वेळापत्रकात राखीव तास ठेवावा आणि तो उपदेशाने भरू नये. ज्याचे वर्षाचे भात एका रात्रीत तुडवले गेले, त्याचे दुःख आधी शांतपणे ऐकून घ्यावे. त्यानंतर उपयोगाची माहिती द्यावी : नुकसान दिसताच छायाचित्रे काढावीत, रेंज कार्यालयात लवकर अर्ज द्यावा, पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावे आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. गावातील एखाद्या शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने हे अर्ज भरून देण्याची जबाबदारी घेतली, तर कार्यशाळेबद्दल गावाचे मत तेथेच बदलते. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणे बेकायदा आहे आणि त्यात जनावरांप्रमाणेच माणसेही मरतात, हेही याच तासात गंभीरपणे सांगावे.

नोंदी आणि पुढचे वर्ष

दुपारी घरी जाण्यापूर्वी एक वही पूर्ण करावी. तारीख, जागा, हवामान, पाहणाऱ्याचे नाव, गावातील नाव, संख्या आणि शेरा एवढे रकाने पुरेत. छायाचित्रे आयनॅचरलिस्टवर आणि पक्ष्यांच्या याद्या ईबर्डवर, म्हणजे निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर, टाकाव्यात. मोबाइलमधील मर्लिन हे ॲप पक्षी ओळखायला मदत करते, तथापि त्याचे उत्तर जाणत्याकडून तपासून घ्यावे. खवले मांजर, दुर्मीळ आमरी (ऑर्किड) किंवा घुबडाचे घरटे यांची नेमकी जागा कोठेही उघड करू नये, व्हॉट्सॲपच्या गटातही नाही, कारण चोरटी शिकार करणारेही ते वाचतात. वैदूने सांगितलेले औषध त्याच्या संमतीवाचून लिहू नये आणि तो नको म्हणाला तर वहीत जागा रिकामी सोडावी.

कामांची वाटणी तेथेच करावी. प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव लिहावे, कारण ‘मंडळाने पाहावे’ असे लिहिलेले काम कोणीच पाहत नाही. महिन्याचा पहिला रविवार ठरवून सकाळी एक तास त्याच जागी जावे, तोच सुतळीचा चौरस त्याच ठिकाणी टाकावा आणि नवी यादी जुन्या यादीच्या शेजारच्या पानावर लिहावी. उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बंद असताना रोपांना पाणी कोण घालणार, याचे उत्तर फेब्रुवारीतच घ्यावे. वर्षअखेरीस वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला द्यावी, एक शाळेत ठेवावी आणि पंचायतीकडून सही-शिक्क्याची पोच घेऊन ती त्याच वहीच्या पहिल्या पानाला चिकटवावी.